टेकू, बांधकामातील

इमारत, पूल किंवा कमान यांच्या एखाद्या भागाला स्वतःचा भार स्वतः पेलता येऊ लागेपर्यंत, अथवा जुन्या बांधकामातील कमकुवत भाग काढून त्याजागी नवा बसविला जाईपर्यंत, तो भार तात्पुरता तोलून धरणाऱ्या उभ्या वा तिरप्या आधाराला टेकू किंवा धिरा म्हणतात. अनेक टेकू, त्यांना जोडणारे आडवे दांडे, तिरप्या कैच्या, माथ्यावरील तुळया आणि तळाच्या बैठकी मिळून होणाऱ्या चौकटीला आधारकाम असे नाव आहे. ओल्या काँक्रीटला आकार देणारे साचाकाम या आधारकामावर बसते. कामगारांना उभे राहण्यासाठी बांधलेली परांची निराळी. तिच्यावर माणसांचा व थोड्या सामानाचा भार असतो, तर आधारकामावर प्रत्यक्ष वास्तूचाच. व्यवहारात मात्र साचाकाम व आधारकाम या दोहोंना सरसकट ‘सेंटरिंग’ म्हणण्याचा प्रघात आहे. हा शब्द मूळचा कमानीखालच्या लाकडी साच्याचा, म्हणजे मराठीत ज्याला कालबूत म्हणतात त्याचा वाचक होय.

टेकूंच्या इतिहासात एक मूलभूत अडचण आहे. काम यशस्वी झाले की टेकू काढून नेले जातात व त्यांची खूणही मागे उरत नाही. वास्तू उभी राहते, तिच्यावर शिल्पकाराचे नाव कोरले जाते. ती ज्यावर उभारली त्या चौकटीची नोंद क्वचितच होते. त्यामुळे टेकूंविषयीची खात्रीलायक माहिती मुख्यतः दोन ठिकाणी सापडते : जुन्या दगडी बांधकामात राहून गेलेल्या खाचा व पुढे आलेले दगड यांत, आणि आधारकाम कोसळल्यानंतर नेमलेल्या चौकशी समित्यांच्या अहवालांत. दुसऱ्या प्रकारची साधने विसाव्या शतकातील असून पोलादी टेकूंच्या वापराचे आजचे बहुतेक नियम त्यांतूनच निघाले आहेत.

लाकडी आधारांचा काळ : दगडी कमान शेवटचा माथ्याचा दगड बसेपर्यंत उभी राहू शकत नाही, तोवर तिचा सर्व भार कालबुतावर असतो [→ कमान]. दक्षिण फ्रान्समधील पाँ द्यू गार या इ. स. पहिल्या शतकातील रोमन जलसेतूच्या कमानींलगत पुढे काढलेले दगड आजही दिसतात. कालबुताचे लाकूड त्यांवर टेकविले जाई, म्हणजे जमिनीपासून उंच खांब उभारण्याची गरज उरत नसे. लाकूड महाग व उंच आधार धोक्याचा, ही दोन्ही सूत्रे रोमनांना ठाऊक होती असे यावरून दिसते.

कालबूत उभारण्याइतकेच ते काढणे नाजूक असते. भार आधारावरून वास्तूवर हळूहळू उतरावा लागतो. एकाच बाजूचा आधार आधी सुटला तर कमान विरूप होते. याकरिता टेकूंखाली लाकडी पाचरी ठेवून त्या थोड्याथोड्या सैल करीत, अथवा वाळूने भरलेल्या पेट्या ठेवून त्यांतील वाळू सोडीत. झां-रॉदॉल्फ पेरॉने (१७०८–९४) या फ्रेंच अभियंत्याने पॅरिसजवळील नय्यी येथे बांधलेल्या पुलाची कालबुते २२ सप्टेंबर १७७२ रोजी राजा पंधरावा लुई याच्या समक्ष काढण्यात आली. हा प्रसंग सोहळ्यासारखा साजरा झाला, यात नवल नाही. पूल खरोखर पूल झाला की नाही, हे त्या घटकेलाच ठरत असे.

इंग्लंडमध्ये इझंबार्ड किंग्डम ब्रुनेल (१८०६–५९) याने मेडनहेड येथे टेम्स नदीवर रेल्वेसाठी विटांचा पूल बांधला. त्याच्या दोन मुख्य कमानी प्रत्येकी सु. ३९ मी. गाळ्याच्या व त्या काळच्या मानाने अतिशय चपट्या होत्या. १८३८ मध्ये चुना-सिमेंट पुरते आवळण्यापूर्वीच कालबूत सैल केल्याने पूर्वेकडील कमान विरूप झाली. ठेकेदाराने ती दुरुस्त केली. ब्रुनेलने मात्र त्यानंतर कालबुते जागेवरच ठेवण्यास सांगितले. १८३९ च्या शरदातील वादळात ती उडून गेली आणि पूल जागचा हलला नाही. चपट्या कमानींवर शंका घेणाऱ्यांची यामुळे कशी फजिती झाली याच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात. तंत्राच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट त्यांत झाकली जाते : कमान बिघडली ती चपटेपणामुळे नव्हे, तर आधार लवकर सुटल्यामुळे. ही चूक पुढे काँक्रीटच्या युगात अधिक मोठ्या प्रमाणावर होणार होती.

लाकडी आधारकामाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपली सीमा गाठली. अझेन फ्रेसिने (१८७९–१९६२) याने ब्रिटनी प्रांतातील प्लूगास्तेल पुलाच्या तीन काँक्रीट कमानी एकाच प्रचंड लाकडी कालबुतावर ओतल्या. ते पाण्यावर तरंगवीत एका गाळ्यातून दुसऱ्या गाळ्यात नेले जाई. १९३० मध्ये हा पूल पुरा झाला. स्वीडनमधील सांडो येथे २६४ मी. गाळ्याच्या कमानीसाठी याच धर्तीचे लाकडी कालबूत वापरले गेले. ३१ ऑगस्ट १९३९ रोजी काँक्रीट ओतण्याचे काम चालू असताना ते कुशीला झुकून कोसळले व १८ कामगार मृत्युमुखी पडले. उभा भार पेलण्यास ते पुरेसे होते. आडव्या दिशेची ताठरता कमी पडली. दुसऱ्याच दिवशी दुसरे महायुद्ध सुरू झाल्याने या दुर्घटनेकडे जगाचे लक्ष गेले नाही. तसे झाले असते तर पुढील तीसेक वर्षांतील काही अपघात कदाचित टळले असते.

काँक्रीट व टेकूंची वाढती गरज : फ्रान्स्वा एनबीक (१८४२–१९२१) या फ्रेंच बांधकाम व्यावसायिकाने १८९२ मध्ये प्रबलित काँक्रीटच्या बांधणीचे एकस्व घेतले आणि पुढील दोन-तीन दशकांत ही पद्धत जगभर पसरली [→ काँक्रीट]. तिने टेकूंचे स्वरूपच पालटले. दगडी कमानीला तिच्या रेषेपुरता आधार लागे. काँक्रीटच्या लादीला, म्हणजे रूढ भाषेत स्लॅबला, तिच्या संपूर्ण क्षेत्राखाली आधार लागतो. शिवाय हा आधार एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर, वर्षातून अनेकदा हलवावा लागतो. टेकू आता एखाद्या थोर अभियंत्याच्या देखरेखीखालील अपूर्व रचना राहिला नाही. तो रोजच्या कामाचा व हजारोंच्या संख्येने लागणारा नग झाला.

या आधारांवर किती भार येतो हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. प्रबलित काँक्रीटचे वजन दर घन मी.ला सु. २,५०० किग्रॅ. असते. १५ सेंमी. जाडीच्या लादीचा भार त्यामुळे दर चौ. मी.ला ३७५ किग्रॅ. होतो. साच्याच्या फळ्या, कामगार, हातगाड्या व ओततानाचे ढीग यांसाठी आणखी २०० किग्रॅ. धरल्यास हा आकडा ५७५ वर जातो. टेकू दोन्ही दिशांनी १.२ मी. अंतरावर असतील तर प्रत्येकावर सु. ८३० किग्रॅ. भार येतो. साधी सुरूची वा निलगिरीची बल्ली एवढा भार सहज पेलते. मात्र ती सरळ असेल, कोठे जोडलेली नसेल आणि तिच्या बुडाखालची जमीन भुसभुशीत नसेल, तरच.

पोलादी टेकूचा उदय : पोलादी नळ्यांचा आधारासाठी वापर इंग्लंडमध्ये पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सुरू झाला. डॅनिएल पामर-जोन्स याने दोन नळ्या घट्ट पकडणारी जोडकडी प्रचारात आणली. १९१३ मध्ये लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या दर्शनी भागाच्या कामात तिचा उपयोग झाला. काथ्याच्या दोराऐवजी कडी व बल्लीऐवजी ठराविक व्यासाची नळी आल्याने परांचीचे व आधारकामाचे सुटे भाग सर्वत्र सारखे झाले.

उंची कमीजास्त करता येणारा टेकू मात्र याहून नंतरचा. मूळचा स्वित्झर्लंडमधील झोलोथुर्न येथील विल्यम द व्हिगिए (१९१२–२००३) याने १९३० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये तो तयार केला व १९३६ मध्ये लंडन येथे त्याच्या उत्पादनासाठी ‘ॲक्रो’ ही कंपनी स्थापन केली. कंपनीचे नाव पुढे वस्तूलाच चिकटले. भारतातील बांधकामांवरही या टेकूला ‘ॲक्रो’ वा नुसते ‘प्रॉप’ म्हणतात.

त्याची रचना अगदी साधी आहे. बाहेरच्या जाड नळीत एक बारीक नळी सरकते. आतल्या नळीला ठराविक अंतरावर आरपार भोके असतात. हव्या त्या उंचीच्या जवळचे भोक निवडून त्यात पोलादी खीळ घालतात. बाहेरच्या नळीच्या वरच्या भागावर आटे पाडलेले असून त्यावर मुठीचे कडे फिरते. खीळ या कड्यावर टेकते. दोन भोकांमधील अंतर कड्याच्या आट्यांनी भरून काढता येते. वर व खाली चौकोनी पत्र्याच्या बैठकी असून त्यांत खिळे मारण्यासाठी भोके ठेवलेली असतात. सर्वसाधारण आकारांच्या मालिकेत सु. १.७५ मी.पासून ४.८८ मी.पर्यंतच्या उंचीची सोय होते. करवत, पाचर व सुताराचा अर्धा दिवस यांची जागा एका कड्याच्या चार फेऱ्यांनी घेतली; युद्धोत्तर यूरोपच्या पुनर्बांधणीत या टेकूचा झपाट्याने प्रसार झाला याचे कारण हेच.

अवजड टेकूंची परंपरा थोडी निराळी आहे. दुसऱ्या महायुद्धात डोनल्ड बेली (१९०१–८५) याने लष्करासाठी सुट्या पोलादी चौकटींचा जोडपूल तयार केला. या चौकटी उभ्या केल्या की त्यांचे मनोरे होतात, हे ध्यानात आल्यावर युद्धानंतर त्या पुलांच्या आधारकामासाठी वापरल्या जाऊ लागल्या. पुढे खास याच कामासाठी पेटीसारख्या छेदाचे वा जाड नळीचे, टोकांना सपाट तबकड्या असलेले व बोल्टांनी एकास एक जोडता येणारे खांब निघाले. साध्या टेकूची क्षमता एक ते साडेतीन टन असते, तर अशा एका खांबाची काही प्रकारांत १०० टनांपर्यंत जाते. सिडनीतील ग्लेड्सव्हिल पुलाची ३०५ मी. गाळ्याची काँक्रीट कमान पोलादी आधारकामावर बांधली गेली. एक फासळी पुरी झाली की सगळे आधारकाम बाजूला सरकवून पुढची घेत. १९६४ मध्ये तो पूल खुला झाला, तेव्हा प्लूगास्तेलच्या लाकडी कालबुताचा काळ संपला होता.

लाकूड व पोलाद यांतील भेद : पोलादी टेकू लाकडापेक्षा बळकट, टिकाऊ व सोयीचा आहे यात वाद नाही. तथापि एका बाबतीत तो लाकडाहून उणा आहे. लाकडी टेकू मोडण्यापूर्वी करकरतो, त्याचे तंतू फाटतात, तो डोळ्यांना दिसेल असा वाकतो. कोळशाच्या खाणीतील जुने कामगार या आवाजावर भरवसा ठेवीत आणि पोलादी टेकू आल्यावरही लाकडी टेकू हवेत असा आग्रह धरीत. बारीक व उंच पोलादी टेकू मात्र शेवटच्या क्षणापर्यंत सरळ दिसतो व मग एकाएकी बाक धरतो.

ही घटना चिरडण्याची नसून बाक येण्याची आहे, आणि तिचे गणित पोलादी टेकूच्या कितीतरी आधी सिद्ध झाले होते. लेओनार्ट ऑयलर (१७०७–८३) या स्विस गणितज्ञाने १७४४ मध्ये दाखविले की, सडपातळ खांबाला बाक आणणारा भार त्याच्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. लांबी दुप्पट झाली तर क्षमता चौथ्या हिश्श्यावर येते. उलट मधोमध दोन्ही दिशांनी घट्ट धरून ठेवल्यास तीच क्षमता चौपट होते. आखडलेल्या स्थितीत तीन-साडेतीन टन पेलणारा टेकू पूर्ण उंचावल्यावर एक टनाच्या आसपास उतरतो तो यामुळेच. दिसायला टेकू तोच असतो. पोलादाची प्रत व नळीची जाडीही तीच. फक्त खीळ वरच्या भोकात गेलेली असते. सुताराच्या नजरेला जे कळत असे ते इथे नजरेला कळत नाही, तक्त्यात पाहावे लागते. लाकडाकडून पोलादाकडे जाताना झालेला खरा बदल हाच होय.

दुर्घटना व चौकशा : कॅनडातील व्हँकूव्हर येथील सेकंड नॅरोज पुलाचा पोलादी सांगाडा १७ जून १९५८ रोजी उभारणी चालू असताना कोसळला. त्या वेळी ७९ कामगार खाली फेकले गेले. त्यांतील १८ मरण पावले व काही दिवसांनी शोधकार्यात एका पाणबुड्याचाही अंत झाला. ब्रिटिश कोलंबियाचे सरन्यायाधीश शेरवुड लेट यांच्या चौकशीत असे आढळले की, पुलाच्या मूळ आराखड्यात दोष नव्हता. दोष होता तो तात्पुरत्या खांबाच्या तळाशी भार पसरविण्यासाठी घातलेल्या तुळयांच्या जाळीत. या तुळयांवरील कातरभाराचे गणित करताना केवळ उभ्या पत्र्याचे क्षेत्रफळ धरावयाचे, त्याऐवजी संपूर्ण छेदाचे धरले गेले. पत्रा बळकट करणाऱ्या पट्ट्याही घातल्या नव्हत्या. ते गणित करणारे व तपासणारे अभियंतेही त्या अपघातातच दगावले. टनावारी पोलादाचा पूल एका बैठकीच्या हिशेबामुळे पडला. १९९४ पासून हा पूल तेथे मेलेल्या लोहकामगारांच्या स्मरणार्थ ओळखला जातो.

१९७२ च्या ऑक्टोबरमध्ये आठवडाभराच्या अंतराने दोन अपघात झाले. १७ तारखेस कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथे अरोयो सेको पुलाचे आधारकाम काँक्रीट ओतताना पडून सहा जण ठार झाले. २४ तारखेस इंग्लंडमधील रेडिंगनजीक लॉडन नदीवरील पुलाचे आधारकाम याच अवस्थेत पडले व तिघे ठार झाले. २ मार्च १९७३ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात बेलीज क्रॉसरोड्स येथे बांधकामाधीन उंच इमारतीत चोविसावा मजला ओतला जात होता. त्याच्या खालच्या मजल्याचे टेकू अवधीपूर्वी काढण्यात आले होते. तेथील कच्चे काँक्रीट खांबांभोवती फाटले आणि कोसळणारे मजले एकावर एक आदळत थेट तळापर्यंत आले. त्यात १४ कामगार मेले. २७ एप्रिल १९७८ रोजी वेस्ट व्हर्जिनियातील विलो आयलंड येथे शीतन मनोऱ्याची परांची एका दिवसाच्या काँक्रीटला जखडली होती. ते काँक्रीट सुटले व ५१ माणसे एका वेळी मरण पावली. १५ एप्रिल १९८२ रोजी इंडियाना राज्यातील ईस्ट शिकागो येथे उन्नत मार्गाचे आधारकाम पडून १३ जणांचा अंत झाला. मनोऱ्याच्या पायाखाली ठेवलेली काँक्रीटची फरशी तडकणे, हे त्याचे आरंभीचे कारण ठरले.

या यादीकडे एकत्र पाहिले तर टेकूची नळी भार पेलण्यास मुळातच कमी पडली, असे क्वचितच आढळते. बैठक खचली, माथ्याची वा तळाची तुळई वळली, कैच्या नव्हत्या अथवा टेकू लवकर काढले, हीच कारणे पुन्हा पुन्हा येतात.

ब्रॅग समिती : लॉडन येथील अपघातानंतर ब्रिटिश सरकारने १९७३ मध्ये स्टीफन ब्रॅग यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ते ब्रुनेल विद्यापीठाचे कुलगुरू व नोबेल पारितोषिक विजेते भौतिकीविज्ञ लॉरेन्स ब्रॅग यांचे पुत्र होत. समितीचा अंतरिम अहवाल १९७४ मध्ये व अंतिम १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. टेकूंच्या इतिहासात याहून महत्त्वाचा दस्तऐवज नाही.

समितीने तांत्रिक शिफारशी केल्याच. टेकू कधीही पूर्णपणे उभे नसतात, भार कधीही बरोबर मध्यावर येत नाही, म्हणून उभ्या भाराच्या किमान तीन टक्के एवढा आडवा जोर आधारकामाने पेलला पाहिजे, असे तिने सुचविले. १९८२ मधील ब्रिटिश संहितेत हे प्रमाण अडीच टक्के ठरले. पण तिचे मुख्य निरीक्षण कामाच्या वाटणीविषयी होते. पुलाचा आराखडा एक कार्यालय करते, आधारकामाचा दुसरे; टेकू भाड्याने देणारा तिसरा असतो, उभारणारा उपठेकेदार चौथा व काँक्रीट ओतणारी टोळी पाचवी. प्रत्येकाचा असा समज असतो की, दुसऱ्याने पाहिले आहे. म्हणून प्रत्येक कामावर आधारकामाचा समन्वयक नावानिशी नेमावा, आराखड्याची तपासणी तो करणाऱ्याखेरीज इतराने करावी आणि समन्वयकाच्या लेखी परवानगीवाचून भार चढवू वा उतरवू नये, असे समितीने सांगितले. ही गोष्ट आज सामान्य वाटते. त्यावेळी ती बहुतेक कामांवर नव्हती.

उभारणीची पद्धती : वरील चौकशांतून जी कार्यपद्धती रूढ झाली तिचा आरंभ जमिनीपासून होतो. साध्या टेकूच्या बैठकीचे क्षेत्रफळ तळहाताहून फारसे मोठे नसते. ती थेट मातीवर ठेवली तर पहिल्या पावसात वा बरा करण्याच्या पाण्यातच रुतते. खाली जाड फळी वा स्लीपर अखंड टेकलेला हवा. विटांचे तुकडे रचून उंची साधण्याची सवय पुष्कळ ठिकाणी दिसते व ती घातक आहे. टेकू खालच्या मजल्याच्या लादीवर उभा असेल तर ती लादीही भार पेलण्याजोगी झालेली असावी लागते. नसेल तर तिच्याही खाली, वरच्या टेकूंच्या बरोबर रेषेत, दुसरे टेकू हवेत.

टेकू ओळंब्यात असावा. संहितेने दर मीटर उंचीस २५ मिमी.पर्यंतचा कल व माथ्यावर २५ मिमी.पर्यंत सरकलेला भार एवढी सूट दिली आहे. क्षमतेचे तक्ते हीच सूट धरून केलेले असतात, यापलीकडे ते लागू पडत नाहीत. खीळ टेकूबरोबर आलेली मूळचीच वापरावी. ती हरवली की तिच्याजागी सळईचा तुकडा घालतात. तो मऊ पोलादाचा व बारीक असल्याने भाराखाली वाकतो किंवा कातरला जातो. वाकलेला, चेपलेला अथवा आट्यांना गंज चढलेला टेकू बाजूला काढावा. त्याला ठोकून सरळ केल्याने नळी सरळ दिसते, परंतु तिची गेलेली ताकद परत येत नाही.

अवजड टेकूंच्या बाबतीत सुटे भाग माणसांना उचलता न येण्याइतके जड असल्याने खांब जमिनीवर आडवा जोडून यारीने उभा करतात. जोडातील प्रत्येक बोल्ट ठरलेल्या प्रतीचा व संख्येने पुरा असला पाहिजे आणि तबकड्या एकमेकींना सर्वांगाने टेकल्या पाहिजेत. दोन्ही दिशांच्या कैच्या बसेपर्यंत यारीचा दोर सोडावयाचा नसतो. भार चढविण्यासाठी तेलदाबाचा जॅक वापरल्यास, भार आल्यावर आट्यांचे कडे आवळून तो पोलादावर घ्यावा लागतो. तेल झिरपले तर टेकू बसतो. जुन्या भिंतीखालचा भाग काढताना भिंतीला ठिकठिकाणी भोके पाडून त्यांतून आडव्या तुळया आरपार घालतात व प्रत्येक तुळईच्या दोन्ही टोकांखाली टेकू देतात. भिंत आधीच तडकलेली असल्यास कडे इतकेच आवळावे की भार टेकूवर येईल. अधिक आवळल्यास भिंत उचलली जाऊन तडे वाढतात.

काढण्याचा क्रम याहून वेगळा नाही, फक्त उलटा आहे. दोन्ही टोकांना टेकलेल्या तुळईचे टेकू मधून कडांकडे काढीत जातात, तर एकाच बाजूने धरलेल्या सज्जाचे मोकळ्या कडेकडून भिंतीकडे. हा क्रम चुकला तर सज्जात ज्या बाजूला सळया नाहीत त्या बाजूला ताण येतो.

भारत व महाराष्ट्र : भारतीय मानक संस्थेच्या साध्या व प्रबलित काँक्रीटच्या संहितेच्या २००० सालच्या आवृत्तीत टेकू ठेवण्याचे किमान अवधी दिले आहेत. साडेचार मी.पर्यंतच्या गाळ्याच्या लादीला ७ दिवस व त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस. तुळया व कमानी यांना सहा मी.पर्यंत १४ दिवस व पुढे २१ दिवस. हे अवधी साध्या पोर्टलंड सिमेंटसाठी व तापमान १५° से.खाली जात नसेल तर लागू पडतात. राखमिश्रित वा झोतभट्टीच्या मळीच्या सिमेंटला अधिक वेळ लागतो, हे लहान कामांवर वारंवार विसरले जाते. आधारकामाची स्वतंत्र मार्गदर्शिका १९९९ मध्ये निघाली. रस्त्यांच्या पुलांसाठी भारतीय रस्ते काँग्रेसची मार्गदर्शिका १९८४ पासून होती. १९९६ च्या बांधकाम कामगारविषयक कायद्याखाली १९९८ मध्ये झालेल्या केंद्रीय नियमांत साचे उतरविणे व पुन्हा टेकू देणे यांवर स्वतंत्र तरतुदी होत्या.

महाराष्ट्रात टेकूचा सर्वांत परिचित देखावा नव्या बांधकामात नसून मुंबईच्या जुन्या वस्तीत आढळतो. गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर या भागांतील जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या दुरुस्तीसाठी १९६९ च्या कायद्याने स्वतंत्र मंडळ निर्माण झाले. धोकादायक ठरलेल्या चाळींना लाकडी वा लोखंडी टेकू देऊन रहिवाशांना तेथेच राहू देण्याचा प्रकार तेव्हापासून सर्रास दिसतो. कागदोपत्री तात्पुरते असलेले हे टेकू वर्षानुवर्षे उभे राहतात. त्यांना कपडे वाळविण्याच्या दोऱ्या बांधल्या जातात, मुले त्यांभोवती खेळतात. समुद्राच्या खाऱ्या हवेत पोलादी टेकूच्या बुडाला गंज चढतो, तर लाकडी टेकूला पाण्याच्या गळतीने कूज व वाळवी लागते. काही आठवड्यांसाठी ठरविलेल्या आधारावर दशकांचा भार टाकताना त्याची तपासणीही तितक्याच वेळा झाली पाहिजे. ती कोणी करावयाची, हा प्रश्न मालक, भाडेकरू व मंडळ यांच्यामध्ये अनेकदा पडून राहतो.

ग्रामीण भागात व लहान शहरांत घरांच्या लाद्या अद्यापही बऱ्याच अंशी बल्ल्यांवर ओतल्या जातात. मोठ्या कामांवर भाड्याच्या पोलादी टेकूंचा प्रघात आहे. दोन्ही एकाच लादीखाली मिसळून वापरणे मात्र टाळावे लागते. लाकूड भाराखाली अधिक दबते, त्यामुळे शेजारचा ताठ पोलादी टेकू आपल्या वाट्याहून जास्त भार ओढून घेतो. लादी ओतताना सेंटरिंगचा मिस्त्री दिवा घेऊन खाली थांबतो, टेकूंवर हातोडीने टिचक्या मारीत फिरतो व सैल लागेल तेथे पाचर ठोकतो, ही येथील जुनी रीत आहे. बल्लीच्या बाबतीत तो आवाजावरून बरेच ओळखू शके. पोलादी टेकूंच्या उंच आधारकामाखाली मात्र ओतकाम चालू असताना कोणीही जाऊ नये. बैठकींवर रंगाच्या खुणा करून बसणीचे माप बाहेरून दुर्बिणीने घ्यावे व ठरलेल्या मर्यादेपलीकडे ती गेल्यास ओतणे थांबवावे, अशी आजची पद्धत आहे.